खर्ड्याचे चौसष्ट स्वार

यज्ञेश्वर मास्तरांसारखा शिशाचे शिपाई रंगवणारा अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही, हे मी आजही म्हणतो. त्यांचं नाव निघालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते, तरीही म्हणतो. उगाच खोटं कशाला बोलू? माणूस हलकट निघाला म्हणून त्याचा हात हलकट होत नाही. तेच तर दुखणं आहे.

पहिल्यापासून सांगतो. मी गोरक्ष, कर्जतकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. सातवी पास झालो आणि नगरला शामकांतरावांच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. एकेक अक्षर म्हणजे एकेक शिशाचा खिळा. तो उचलायचा आणि ओळीत लावायचा. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांचे परीक्षेचे पेपर. नजर तिखट आणि बोटं बारीक लागतात. शामकांतराव मालक खरे, पण धंद्यात लक्ष कमी. त्यांना लढायांचं वेड. लष्कराच्या रद्दीत त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं; त्यात टेबलावर छोटे शिपाई मांडून जुन्या लढाया पुन्हा कशा खेळायच्या ते दिलेलं. झालं! गृहस्थांनी ठरवलं, आपण खर्ड्याची लढाई खेळायची. मराठ्यांची फौज एकीकडे, निजामाची दुसरीकडे आणि मागे पुठ्ठ्याचा खर्ड्याचा किल्ला. खर्डा आपल्याच जिल्ह्यातला, मग परक्या लढाया कशाला?

झिजलेले खिळे आम्ही वितळवायचो आणि प्लॅस्टरच्या साच्यात ओतायचो. एका दुपारी वीस-पंचवीस शिपाई निघायचे. पुस्तकातले फासे शामकांतरावांना पसंत पडले नाहीत, म्हणून कवड्या टाकायच्या. चाल बोटांनी मोजायची: पायदळ चार बोटं, घोडा नऊ बोटं. आता शामकांतरावांची बोटं केळ्यांसारखी जाड. त्यांचा घोडा नऊ बोटांत अर्धं मैदान ओलांडायचा आणि निजामाकडून खेळणारे काकासाहेब, निवृत्त मामलेदार, टेबलावर हात आपटायचे. "अहो शामराव, घोडा आहे की आगगाडी?" शेवटी ठरलं, दोघांच्याही चाली माझ्या बोटांनी मोजायच्या. असा मी त्या दर रविवारच्या खेळात शिरलो.

पण खेळ गेला चुलीत. मी रविवारची वाट पाहायचो ती मास्तरांच्या शिपायांसाठी.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. नगरच्या तोफखाना भागात दोन खोल्या, पूर्वेला खिडकी, खिडकीशी पाट. सकाळी नऊ ते अकरा एवढ्याच उजेडात काम करायचे. खारीच्या शेपटीचे केस स्वतः निवडून कुंचला बांधायचे. डोळे काढायचा कुंचला तर तीनच केसांचा. शामकांतराव साच्यातून काढलेले शिपाई त्यांच्याकडे पाठवायचे आणि महिन्याभराने त्यांची माणसं होऊन परत यायची.

त्यांचा एक रोहिला, म्हणजे पठाण शिपाई, मी पहिल्यांदा हातात घेतला तो दिवस मला आठवतो. अंगठ्याच्या पेराएवढा उभा गडी, ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड. त्यात दोन डोळे, आणि ते समोर बघत नव्हते. शेजारी पडलेल्या सोबत्याकडे वळले होते. दाढीत तीन पांढरे केस. पागोट्याचा पीळ एका बाजूनं सैल. अंगरख्याच्या चुण्यांत सावली, आणि गुडघ्यापासून खाली आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ. मी श्वास रोखून बघत राहिलो. शंभर पायदळ होतं आणि ती शंभर वेगळी माणसं होती. एकाची मिशी दुसऱ्याला नाही. काकासाहेब तर म्हणायचे, "तिसऱ्या ओळीतला तो जाड्या हुबेहूब आमचा व्याही आहे, त्याला पहिल्यांदा मरू द्या." आम्ही पोट धरून हसायचो. मास्तर हसायचे नाहीत. एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून आपल्या माणसांचं मरण बघायचे.

मी त्या माणसाच्या पायाशी जाऊन बसलो. सुट्टीच्या दिवशी सकाळी तोफखान्यात हजर. कुंचले धुवायचे, लाल रंगासाठी हिंगूळ खलायचा, पाणी बदलायचं. का? तर बघायला मिळावं म्हणून. आणि मग एकाहत्तरच्या दिवाळीत माझ्या अंगात आलं. चार घोडेस्वार मीच रंगवले, घरी, खिडकीत बसून. रुमालात बांधले आणि मास्तरांपुढे ठेवले.

मास्तरांनी एक घोडा खिडकीशी धरला. डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. भिंग लावून पाहिलं. मग म्हणाले, "गोरक्ष, हात जड आहे रे तुझा."

माझं तोंड उतरलं असणार. त्यांनी पाठीवर थाप मारली. "नाराज होऊ नकोस. हे ठेवून जा. सोड्याच्या पाण्यात टाकून रंग उतरवतो, शिसं वाया नको जायला. पुढच्या महिन्यात आणखी चार आण. बघू, हात हलका होतो का."

झालं, लागलो मी नादाला. दर महिन्याला चार घोडे. दर महिन्याला मास्तरांचं नवीन काहीतरी. लगाम ताठ झाला. खोगिराला वजन नाही. घोडा धावतोय पण दमलेला दिसत नाही. मी परत येऊन तेवढंच धरून बसायचो. घोडा दमलेला दिसावा म्हणून माळीवाड्यात टांग्यांच्या अड्ड्यावर उन्हात तासन् तास उभा राहिलो. घाम आधी कुठं येतो, फेस कुठं साचतो, ते पाहिलं. टांगेवाले मला येडा समजायचे. बायको, मालन, तिचं तर रोजचंच. "त्या घोड्यांस्नी दाना-वैरन बी घालीत जा की," म्हणायची. "घरात मी बी हाय, माज्याकडं कदी बघनार?"

मला पैसा नको होता, बढती नको होती. मला एवढंच पाहिजे होतं, की मास्तरांनी एकदा, फक्त एकदा म्हणावं, "गोरक्ष, तुझा हात चांगला आहे." त्यांनी म्हटलं असतं तर मी खरं मानलं असतं. दुसऱ्या कुणी म्हणून उपयोग नव्हता.

याच दिवसांत मास्तरांच्या काचेच्या कपाटात घोडदळ जमायला लागलं. वरच्या फळीवर, कुलपात. "हे खेळायचे नाहीत," ते म्हणाले, "हे प्रदर्शनाचे. वार्निश नाजूक आहे, कुणी हात लावायचा नाही." मी टाचा उंच करून काचेतून बघायचो. अहो, काय घोडे होते! मानेवर घाम, छातीवर फेस, नाकपुड्या फुगलेल्या. मी घामाची जी युक्ती केली होती, पांढऱ्यात कणभर पिवळा घालून कोरड्या कुंचल्यानं पुसून घ्यायची, तीच त्यांनीही केलेली दिसत होती. मला वाटलं, आपली कल्पना मास्तरांना पटली. आपण चुकतमाकत केलं, त्यांनी कसं करायचं ते दाखवलं. हुरळून गेलो मी! छापखान्यात येईल त्याला सांगायचो, "पायदळ सोडा हो, मास्तरांचे घोडे बघा. साठी आली तरी हात चढतोच आहे माणसाचा." शामकांतरावांना सांगितलं. काकासाहेबांना हाताला धरून नेऊन दाखवलं. सव्वा वर्ष मी गावभर हे सांगत हिंडलो.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये प्रदर्शन ठरलं. वाचनालयाचा हॉल, बारा फुटी टेबलावर सगळी लढाई मांडायची, आणि उद्घाटनाला पुण्याहून एक इतिहासाचे अभ्यासक येणार. रविवारी उद्घाटन. शनिवारी सकाळी मला मास्तरांकडे सामान बांधायला पाठवलं. मी छापखान्यातल्या खिळे ठेवायच्या दोन रिकाम्या पेट्या नेल्या होत्या. त्यात लहान लहान खण असतात. एका खणात कापूस घालून एक शिपाई असा बरोबर बसतो. मास्तर दाढी करायला गेले होते. कपाटाची किल्ली पाटावर ठेवून गेले होते. मी कुलूप काढलं आणि पहिला घोडा उचलला.

वार्निश गुळगुळीत होतं. घोडा निसटला, मी खाली दुसरा हात धरला आणि तो तळव्यावर उताणा पडला. पोट वर, गळा वर. आणि गळ्याखाली, मोहरीपेक्षा लहान, एक भोवरा.

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. माझे वडील भिमाजी भीमथडीचे, म्हणजे भीमाकाठच्या घोड्यांच्या मुलखातले. आमच्याकडं दावणीला कायम एक घोडी असायची, आणि घोडं घ्यायचं तर पंचक्रोशीतले लोक वडिलांना घेऊन जायचे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. कुठला भोवरा शुभ, कुठला घर बुडवणारा, हे बघितल्याशिवाय आमच्यात घोडं दारात येत नाही. गळ्याखालचा तो देवमण. देवमण असलेला घोडा धन्याला रणातून परत आणतो, असं वडील सांगायचे. मी रंगवायला बसलो की शेवटी घोडा उलटा धरायचो आणि गळ्याखाली एक देवमण काढायचो. कुणाला दाखवायला नाही. टेबलावर उभ्या घोड्याचा गळा वरून दिसतच नाही. पण देवमण न काढता स्वाराला लढाईत धाडायचं माझ्या हातून होईना. ही सवय कर्जतच्या शेतकऱ्याची. शाळामास्तराच्या स्वप्नातसुद्धा येणार नाही.

मी दुसरा घोडा उलटा केला. देवमण. तिसरा. देवमण. मी खाली बसलो आणि एकेक करून सगळे पाहिले. चौसष्ट. खोगिराखालच्या कापडाचा रंग बदलला होता, पागोटी लालची हिरवी केली होती, कुणाच्या हातात निशाण दिलं होतं आणि वरून वार्निशचा हात फिरवला होता. बाकी घोडे माझे होते. सोड्याच्या पाण्यात एकसुद्धा गेला नव्हता.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. चोरीचं एवढं वाईट नाही वाटलं. मागितले असते तर दिले असते, सगळेच्या सगळे, वर पाया पडलो असतो. पण सोळा महिने या माणसानं भिंग लावून माझं काम पाहिलं, आणि सोळा वेळा मला सांगितलं, हात जड आहे. मी घरी जाऊन स्वतःच्या हाताकडं बघायचो. लाज वाटायची मला त्या हाताची.

मास्तर आले. दारातच त्यांना कळलं. चौसष्ट घोडे जमिनीवर उताणे आणि मधे मी.

"सोडा कुठं आहे मास्तर?" मी म्हणालो. "सोड्याचं पाणी कुठं आहे तुमचं?"

ते खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला बारीक काही दिसत नाही गोरक्ष," म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाहत्तरपासून मी एकसुद्धा डोळा काढलेला नाही."

"आणि माझा हात?"

"तुझा हात पहिल्या दिवशीच ओळखला मी." एवढं सरळ म्हणाले! "भिंगातून दिसलं तेवढं पुरे होतं. माझ्यापेक्षा चांगला आहे. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हाही माझा घोडा असा दमत नव्हता."

सोळा महिने ज्या वाक्यासाठी जीव टाकला ते असं, घोडे जमिनीवर पडलेले असताना, ऐकायला मिळालं. मी ओरडलो. "मग सांगायला काय झालं होतं तुम्हाला? जीभ झडली होती?" वडीलधाऱ्या माणसाशी मी आयुष्यात असा बोललो नव्हतो.

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडं कशाला आणले असतेस?" मास्तर म्हणाले. "शामरावाकडंच नेले असतेस. मग मी कोण? कोपऱ्यातला म्हातारा." आणि ते रडायला लागले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "उद्या सांगतो. सगळ्यांसमोर, पुण्याच्या पाहुण्यांसमोर. घोडदळ गोरक्षचं आहे म्हणून सांगतो. पण ते माझ्या तोंडून जाऊ दे रे. तू आधी बोललास तर मी चोर ठरेन. मी सांगितलं तर गुरू राहीन. एवढं दे मला."

आणि मी दिलं. का दिलं विचाराल तर, रडत होता तो माणूस. आणि तो रोहिला मी विसरलो नव्हतो. ज्यानं तो रोहिला केला तो खोटं रडेल असं मला वाटलं नाही. मी सगळे घोडे उचलून, कापूस लावून, खणांत भरले.

दुपारी मी स्टँडवर गेलो आणि कर्जतच्या गाडीच्या कंडक्टरकडं आईसाठी निरोप दिला. उद्या सकाळच्या गाडीनं ये, हॉलमध्ये माझं नाव घेणार आहेत. घोडे माझे आहेत हे कळवलं नाही. मालनलासुद्धा बोललो नाही. ते दोघींनी मास्तरांच्याच तोंडून ऐकावं असं मला वाटलं.

रविवारी आई, राहीबाई, आली. दुष्काळी कामावर खडी फोडत होती तेव्हा. हजेरी बुडवून आली. हातांना फडकी गुंडाळलेली, पण लुगडं ठेवणीतलं. हॉल भरला होता. टेबलावर सगळी लढाई उभी, भोवती दोरी. मालननं आईला दोरीशी नेलं. आई वाकून बघत राहिली. "ह्ये घोडं तर जित्तं हाय की गं," म्हणाली. मला हसू आवरेना. थांब जरा, मनात म्हटलं, आता कळेल तुला.

पाहुणे भिंग घेऊन टेबलाभोवती फिरले. पायदळापाशी थांबले, मान डोलावली. घोडदळापाशी आले आणि हललेच नाहीत. मग भाषणात म्हणाले, "पायदळ उत्तमच आहे. पण असे घोडे मी कुठं पाहिले नाहीत. लोकांचा हात वयाबरोबर उतरतो, मास्तर, तुमचा चढला आहे. मला खरं सांगा, एवढं काम एका माणसाचं? मदतीला कोणी होतं का?"

मास्तर उठले. शामकांतराव, काकासाहेब, सगळे त्यांच्याकडं बघत होते. मास्तरांनी गर्दीत मला शोधलं. मी दोन पावलं पुढं झालो.

"हा गोरक्ष," मास्तर म्हणाले. "फार गुणी मुलगा. माझे कुंचले धुतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि मास्तरांना हार घातला.

काल माझे हात धरून रडलेला माणूस तो! मी दोरी ओलांडून एक घोडा उचलणार होतो, सगळ्यांपुढं उलटा करून दाखवणार होतो. "मास्तर," मी म्हणालो, आणि माझ्या दंडाला कुणीतरी घट्ट धरलं. आई होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"घेतलं की रं नाव!" ती म्हणाली. "येवढ्या मोठ्या मानसानं, सगळ्यांम्होरं! गुनी म्हनला तुला. तुजा बा असायला पायजे हुता रं आज."

काय सांगायचं होतं मी तिला? तू ऐकलंस ते काही नाही, तुझ्या पोराला आत्ता सगळ्या गावासमोर लुबाडलंय? दोरीवरचा हात मी काढून घेतला.

आई माझा दंड सोडून पुढं गेली. लोकांनी वाट दिली. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला, "मी गोरक्षची आय," म्हणाली आणि मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. मास्तर साठीचे, माझी आई तेव्हा सत्तरीला आलेली. आपल्याकडं वयानं मोठं माणूस पायाशी वाकायला लागलं की समोरचा चटकन मागे सरतो, हात धरतो, "अहो, हे काय करता" म्हणतो. लहान पोरालासुद्धा कळतं ते. मास्तरांना डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणावं तर त्यांनी खाली पाहिलं, ती कोण आहे ते ओळखलं, मग मान वर करून सरळ माझ्याकडं पाहिलं.

पाय त्यांनी मागे घेतले नाहीत.